तीर्थ मोजावे का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू एकेक करून सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश आणि चौथे पाणी. पाण्यापासून तो काय शिकला? पाणी स्वभावाने निर्मळ, मऊ आणि गोड असते. जो त्याला बघेल, शिवेल, त्याला ते शुद्ध करते. साधूनेही तसेच असावे. आपल्या पैठणच्या नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली, ती १५७३ साली काशीला पूर्ण झाली. त्यामुळे हा चौथा गुरू आपल्या मराठवाड्याच्या तर घरातलाच.

यंदा या गुरूविषयी एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे. जे पाणी आपल्याला शुद्ध करते, त्या पाण्याची तपासणी आपण करावी का? केली, तर ती भक्ती म्हणायची की अविश्वास?

प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. गेल्या सप्ताहात पंगत उठल्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे मंडपात बोलत बसलो होतो. शहरातल्या तळ्यांचा विषय निघाला. एकजण म्हणाला, आपल्यासारख्या रिकाम्या लोकांनी एखाद्या तळ्याचे पाणी दर आठवड्याला तपासून नोंद ठेवायला काय हरकत आहे? त्यावर आमच्यातले सर्वांत वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते म्हणाले, "अरे बाबांनो, पाणी म्हणजे गंगा. आपण बादलीतल्या पाण्यालासुद्धा गंगा-गोदावरी म्हणून हाक मारतो, मग अंगावर घेतो. आईची कुणी परीक्षा घेतं का?"

काकांचे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. श्रद्धेत एक संकोच असतो आणि तो चांगलाच असतो. प्रसाद हातात आल्यावर तो किती ग्रॅम आहे, हे आपण बघत नाही. अंगाऱ्याची चिमूट कोणी तोलत नाही. सगळेच मोजत बसले तर माणूस व्यापारी होतो, भक्त उरत नाही. तरीही पाण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि ते मला पोथीआधी बँकेने शिकवले.

मी बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि सारी नोकरी लोकांच्या पैशाच्या नोंदी करण्यात गेली. रोज संध्याकाळी कॅश बंद करताना नोटा मोजल्या जायच्या. कॅशियर कितीही जुना, कितीही सचोटीचा असो, मोजणी टळायची नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याने तिजोरी उघडायचीच नाही. यात कोणाला अपमान वाटल्याचे मी पाहिले नाही. उलट ज्या दिवशी कॅश टॅली व्हायची, त्या दिवशी कॅशियर निर्धास्त घरी जायचा. मोजणी ही त्या माणसावरची शंका नव्हती. पैसा दुसऱ्याचा आहे आणि आपण फक्त सांभाळणारे आहोत, याची ती रोजची आठवण होती.

आईचेही तसेच. आईची परीक्षा घेऊ नये, हे शंभर टक्के खरे. पण तिचे अंग गरम लागले तर आपण थर्मामीटर लावतोच ना? त्या वेळी तिच्या आईपणावर कोणी संशय घेत नाही. "आई आहे, तिला काय होतंय," असे म्हणून जो मुलगा स्वस्थ बसतो, त्याला आपण मातृभक्त म्हणत नाही.

आता आपल्या शहरातले तळे घेऊ. दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर सलीम अली सरोवर आहे. मोगल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. पुढे थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्याला मिळाले. पक्ष्यांच्या तळ्याला ते नाव शोभतेही. या तळ्यात सांडपाणी येते, जलपर्णी माजते, ती काढतात, पुन्हा माजते, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो.

तळे आणि नदी यांत एक मोठा फरक आहे. नदीत टाकलेली घाण पुढच्या गावाला जाते. तेही पापच, पण ते आपल्या डोळ्यांआड होते. तळ्यात टाकलेले तळ्यातच राहते. जलपर्णी हा खरा रोग नाही, ते रोगाचे लक्षण आहे. संडास-मोरीचे पाणी, साबण, कपडे धुण्याची पावडर, कुजलेले निर्माल्य यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. शेतकरी पिकाला जे खत देतो, तेच आपण नकळत तळ्याला देतो. मग शेवाळ आणि जलपर्णी यांचे अमाप पीक येते. ते मेले की तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते.

यात एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेच तो ओढून घेते. म्हणून पाण्यातला प्राणवायू सूर्य उगवण्याच्या सुमारास सर्वांत कमी असतो. आजारी तळ्यात त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्याच तळ्याचे पाणी भर दुपारी तपासले, तर प्राणवायू भरपूर निघतो आणि तळे ठणठणीत असल्याचा दाखला मिळतो! बँकेत आम्ही याला मार्चएंडचा आकडा म्हणायचो. ३१ मार्चला ठेवी फुगलेल्या दिसायच्या, एप्रिल उजाडला की पैसा आला तसा निघून जायचा. आकडा खोटा नसायचा, पण त्यावरून शाखेची खरी तब्येत कळायची नाही.

म्हणजे मोजायचे तर पहाटे मोजायला हवे. पहाटे उठून, अंघोळ करून बाहेर पडणारे लोक या शहरात कोण आहेत? काकड आरतीला जाणारे! ज्या वेळी आपण देवाला उठवायला जातो, नेमकी तीच वेळ तळ्याचे दुखणे दिसण्याची आहे. हा योगायोग असेल, पण मला तो आपल्यासाठी निरोप वाटतो.

आता कोणी विचारेल, इतके दिवस नाक-डोळ्यांनी चालले, आता नळ्या आणि आकडे कशाला? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन तळ्यांनी दिले आहे.

पहिले लोणारचे. जून २०२० मध्ये त्या खाऱ्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. लोक बघायला धावले. कोणी चमत्कार म्हणाले, कोणी अपशकुन. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले, पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले की हा रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा आहे. पाणी आटले, खारेपणा वाढला, म्हणून ते जीव वाढले. पाणी तपासल्याने लोणारचे माहात्म्य तसूभरही कमी झाले नाही. कमी झाली ती अफवा.

दुसरे महाडचे चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी तिथले पाणी ओंजळीने घेतले. तळे नगरपालिकेचे, सर्वांना खुले असल्याचा ठराव आधीच झालेला. तरी तळे बाटले म्हणून ओरड झाली आणि शुद्धीसाठी एकशे आठ घागरींचा विधी झाला. दूध, दही, शेण, गोमूत्र त्या पाण्यात गेले. तळे सार्वजनिकच आहे, हे उच्च न्यायालयात ठरायला १९३७ साल उजाडले. तुमच्या-आमच्या वयाच्या माणसांना हा इतिहास माहीत आहे, पण पाण्याच्या अंगाने आपण त्याचा विचार करत नाही. तहानलेल्या माणसाची स्वच्छ ओंजळ अशुद्ध ठरली आणि पाण्यात शेण कालवणे शुद्ध ठरले. हे कशामुळे झाले? शुद्ध-अशुद्ध पाण्यात बघायचे सोडून माणसात बघितले गेले, म्हणून. पाण्याला विचारले असते तर त्याने खरे उत्तर दिले असते. प्राणवायू किती, घाण किती, जंतू किती, यात जात कुठेच येत नाही. मोजमापाचा हा मोठाच गुण आहे. ते कोणाची भीड धरत नाही आणि कोणाला हिणवतही नाही.

आपल्या धर्मातले शौच हे मुळात पाण्यापाशी सुरू होते. त्याची कसोटी पाण्यातच लागली पाहिजे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. तळे कोणाचे? आमच्या बँकेत सस्पेन्स नावाचे एक खाते असायचे. ज्या रकमेचा धनी लगेच सापडत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. खाते उपयोगाचे, पण मोठे धोक्याचे. आळशी कारकून अडलेली प्रत्येक नोंद तिथे ढकलायचा. म्हणून ऑडिटर आला की आधी सस्पेन्स उघडायचा आणि विचारायचा, ही नोंद किती दिवसांची, कोणी टाकली, का निकाली काढली नाही?

सार्वजनिक तळे हे शहराचे सस्पेन्स खाते झाले आहे. घरात ठेवता येत नाही, कचरागाडीत टाकवत नाही, असे सगळे तिथे जाते. भंगलेली तसबीर, जुनी पोथी, वाळलेले हार, पूजेचे तेल. "देवाचं आहे, पाण्यातच सोडायचं," म्हणून आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. आपल्या खात्यातून नोंद निघाली, तळ्याच्या खात्यात पडली. निकाली कोणीच काढली नाही.

काही वाचक म्हणतील, तळ्यात खरी घाण येते ती नाल्यांतून, आमच्या चार फुलांचे काय घेऊन बसलात? शिवाय आम्ही कर भरतो. ज्यांचे काम त्यांनी करावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, जलप्रदूषणाचा केंद्राचा कायदा १९७४ पासून आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी पुसून टाकणार नाही. हजारो घरांच्या सांडपाण्यापुढे निर्माल्याची टोपली लहानच. चार म्हाताऱ्यांच्या वहीने नाला वळत नाही. त्याला पाइप लागतात, शुद्धीकरण केंद्र लागते, वीज लागते, पैसा लागतो. ते काम यंत्रणेचेच.

पण बँकेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की नोंद नसेल तर मागणी उभी राहत नाही. "तळे फार घाण झाले हो," हे वाक्य अर्जात लिहून काही होत नाही. "अमुक ठिकाणी, पहाटे सहा वाजता, सलग बारा आठवडे प्राणवायू इतका निघाला," हे लिहिले की समोरच्याला उत्तर द्यावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्नानाच्या पाण्यासाठी निकष ठरवले आहेत. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. बी.ओ.डी., म्हणजे कुजणाऱ्या घाणीला लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. विष्ठेतून येणारे जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या पुढे कधीच नकोत. आकडे कोरडे वाटतील, पण या आकड्यांनी "घाण" या शब्दाला पत्ता मिळतो.

जुन्या लोकांना हे कळत होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. त्या नहरीवर जागोजागी उतरून पाहायला आणि साफ करायला तोंडे ठेवली होती. बांधणाऱ्याने लोकांच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला असेल, पण आत डोकावायची जागाही ठेवली. आपण आज नळ उघडतो आणि पाणी आले की समाधान मानतो. आपले पिण्याचे पाणी जायकवाडीहून, नाथसागरातून येते. ते किती दिवसांनी येते, हे आपण बोटांवर मोजतो. कसे येते, हे कोणी मोजत नाही.

नाथांचे नाव आले म्हणून त्यांची गोष्ट. काशीची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते पाणी त्याला पाजले. माझा रामेश्वर इथेच भेटला, असा त्यांचा भाव. हजार वेळा ऐकलेली गोष्ट. पण मला अलीकडे त्यातला एक साधा प्रश्न सुचतो. कावडीतले ते पाणी नासलेले असते तर? ते पिऊन गाढव दगावले असते, तर ही गोष्ट आपण सांगितली असती का? नाथांची दया त्या मुक्या जिवापर्यंत पोचली, कारण पाणी पाजण्यासारखे होते. दुसऱ्याला द्यायचे तीर्थ आधी चांगले सांभाळावे लागते. तो दयेचाच अर्धा भाग आहे.

पैठणला आजही नाथवाड्यातला रांजण तुकाराम बीजेपासून नाथषष्ठीपर्यंत भक्त भरतात. कोणाच्या घागरीने तो भरून वाहील, हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येकजण आपली घागर स्वच्छ ठेवतो. सार्वजनिक तळ्याबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे. कोणाच्या घागरीने ते सुधारेल किंवा बिघडेल, हे माहीत नसते. म्हणून आपली घागर आपण बघावी.

करायचे काय, तेही सांगतो. ज्यांचे गुडघे चालतात अशा दोघांनी आठवड्यातून एक गुरुवार धरावा. दोघांनीच, कारण तिजोरीच्या दोन किल्ल्या. जागा तीच, वेळ तीच, काठावरूनच, सांभाळून. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडावी, ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते दोरीवर मोजावे. वास, रंग, फेस, मासे, पक्षी लिहावे. कोणत्या बाजूने नाल्याचे पाणी शिरते ते लिहावे. प्राणवायू तपासायचा संच मिळतो. त्यात औषधाचे थेंब टाकल्यावर साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. जंतूंसाठी बाटली मिळते, तिच्यातले पाणी दोन दिवसांत काळे पडले तर त्यात शंका घ्यायला जागा आहे. पक्का निकाल मात्र प्रयोगशाळेचाच. जलजीवन मिशनमध्ये खेड्यापाड्यांतल्या बायकांना असे संच वापरायला शिकवले आहे. गावातल्या बायका करतात ते आपल्याला जड जाऊ नये.

आलेला आकडा चांगला असो की वाईट, देवळाच्या फळ्यावर लिहावा आणि त्याची प्रत संबंधित कार्यालयाला द्यावी. फक्त वाईट आकडे लिहिले तर ती तक्रार होते, फक्त चांगले लिहिले तर ती जाहिरात. दोन्ही लिहिले तरच तो हिशेब. आणि फळ्यावर आकडा लागला की आपल्यालाही मोकळे राहता येत नाही. निर्माल्य खड्ड्यात जिरवावे लागते, भंगलेल्या मूर्तीची वेगळी सोय करावी लागते, आपल्या घराची मोरी शेवटी कुठे जाते हे विचारावे लागते. मोजणारा माणूस स्वतःही मोजला जातो. मला वाटते, मोजायला आपण बिचकतो ते श्रद्धेपोटी कमी आणि या भीतीपोटी जास्त.

आमच्या सौ.ला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे सगळं खरं, पण चार आठवड्यांनी तुमची मंडळी येईनाशी होतील." तिचा अनुभव दांडगा आहे! यावर माझ्याजवळ एकच उत्तर आहे. गुरुचरित्राचा सप्ताह आपण करतो तेव्हा आसन तेच, वेळ तीच, खंड पडू द्यायचा नाही, हे कोणी शिकवावे लागत नाही. नेम म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. पाण्याच्या नोंदीला नेमाखेरीज काहीच लागत नाही. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नसते, वर्षाच्या आकड्यांना असते. म्हणून हे काम उत्साही लोकांपेक्षा नेमस्त लोकांचे आहे.

काकांनी विचारले होते, मोजू लागलात तर भक्ती कशाला म्हणायचे? मला वाटते, गुरूची सेवा म्हणजे पाय चेपणे एवढेच नव्हे. गुरूला काय होते आहे, याकडे लक्ष असणे, हीही सेवाच. चौथा गुरू बोलत नाही, मागत नाही, रागावत नाही. त्याची तब्येत त्याच्याकडे बघूनच ओळखावी लागते.

यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा झाल्यावर एक कोरी वही पादुकांपुढे ठेवावी, तिला हळदकुंकू वाहावे आणि येणाऱ्या गुरुवारी पहाटे तिचे पहिले पान भरावे, अशी सर्व दत्तभक्तांना विनंती.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!